सिम्पसन वाळवंट सायकलवरून: पाच दिवस, नऊ टप्पे आणि मागून येणारी गाडी

वाळूवाट

नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यात ओघात बोलून गेलो होतो की ऑस्ट्रेलियातली सिम्पसन वाळवंटातली सायकल शर्यत केली म्हणून, तेव्हापासून दोघातिघांनी निरोप पाठवले की नीट लिही, आज वेळ मिळालाय तर लिहूनच टाकतो. लांबण लागेल, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिम्पसन डेझर्ट बाइक चॅलेंज, १९८७ पासून सुरू झालेली. पश्चिमेला पर्नी बोअर म्हणून एक जागा आहे तिथून निघायचं आणि वाळवंट आडवं कापत पूर्वेला क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलला पोचायचं. पाऊसपाणी बघून मार्ग बदलतो, पण ५८० किमीच्या आसपास धरा. सकाळी सहाला साधारण ८० किमीचा टप्पा, दुपारी दोनला साधारण ५० किमीचा, असं चार दिवस, आणि पाचव्या दिवशी फक्त सकाळचा.

५८० किमी पाच दिवसांत, त्यात काय एवढं, असं डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तिथली जमीन समजून घ्या. अकराशेच्या वर वाळूच्या टेकड्या आहेत आणि सगळ्या एकमेकींना समांतर, साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या. नांगरून सऱ्या पाडलेलं शेत डोळ्यासमोर आणा, आणि आपण मुंगीसारखं त्या सऱ्या-वरंब्यांना आडवं जातोय, एक वरंबा चढला की सरी, सरी संपली की पुढचा वरंबा, दिवसभर हेच. वळसा घालायची सोय नाही कारण वाटाच तशा आखलेल्या. १९६० च्या दशकात तेल शोधायला फ्रेंच कंपनी आली होती, त्यांनी सर्वेक्षणासाठी नकाशावर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ वाळवंटातून काढली, तिला आजही फ्रेंच लाइन म्हणतात. पर्नी बोअरसुद्धा त्याच शोधातली विंधण. तेल नाही मिळालं, खालून गरम पाणी आलं, आणि आता तिथे चक्क पाणथळ झालीय, पक्षी येतात. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिथे उभं राहून समोर बघितलं तर पहिला वरंबा दिसतो, फार उंच नाही, लालसर, निवांत. पश्चिमेकडचे ठेंगणे आणि जवळजवळ असतात, पूर्वेकडे जावं तसे उंच होत जातात आणि मधल्या सऱ्या रुंदावतात.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, तिला स्वीप म्हणतात, ती ताशी सरासरी १२ किमीने चालते. तिने गाठलं की त्या टप्प्यापुरतं तुमचं संपलं, सायकल गाडीवर आणि तुम्ही गाडीत. पुढच्या टप्प्याला परत उभं राहता येतं, पण पूर्ण अंतर सायकलने केलं हे मात्र मग म्हणता येत नाही.

१२ किमी म्हणजे काहीच नाही असं समजून मी घरी सराव केला. गणित चुकलं ते इथे. ८० किमी १२ च्या वेगाने केले तर पावणेसात तास लागतात, म्हणजे सहाला निघालेला पावणेएकला पोचतो, आणि दोनला परत निघायचंय. मधे राहतो जेमतेम सव्वा तास. त्यात खाणं, साखळी साफ, बाटल्या भरणं, मलम लावणं. आणि जो १६ ने येतो तो अकरालाच पोचलेला असतो, तीन तास पाय वर करून सावलीत. म्हणजे जो आधीच हळू आहे, ज्याला विश्रांतीची जास्त गरज आहे, त्यालाच ती कमी मिळते, आणि हे चार दिवस साचत जातं. मी पहिल्या दिवशी साडेबाराला पोचलो, दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला. स्वीपच्या पुढे होतो म्हणून खूश होतो, पण खरं तर रोज खड्ड्यात जात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या टप्प्यात साधारण ३० किमी झाल्यावर हातमोजा काढायला गेलो तर निघेना. बोटं सुजलेली, डाव्या हातातली अंगठी मांसात रुतलेली, तिच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगलेलं. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायलो. पुढचा वरंबा चढताना सायकल ढकलत होतो, माथ्यावर पोचलो आणि उतरायचं कुठल्या बाजूने हेच कळेना. खाली बसलो. मागून इंजिनचा आवाज आला तेव्हा रडायला आलं, वाईट वाटून की सुटल्यासारखं वाटून ते मला अजून सांगता येत नाही. गाडीतल्या माणसाने काही विचारलं नाही, दार उघडून हात दिला फक्त.

चौथ्या दिवशी सकाळी शर्यतीसोबतच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि मी परत निघालो, उरलेले तिन्ही टप्पे स्वतःच्या पायांवर केले. म्हणजे ५८० पैकी वीसेक किमी गाडीत गेले. ते वीस किमी का गेले हे मला नीट समजून घ्यायचंय, म्हणूनही हा धागा. माझं मत असं की मीठ कमी पडलं. कोणी जाणकार असतील तर सांगा.

घाटवेडा

जबरदस्त! एका दमात वाचलं. सरी-वरंब्याची उपमा वाचली आणि एकदम समजलं की नेमकं काय आहे ते. सायकल कुठली होती, साधी एमटीबी (माउंटन बाइक) की जाड टायरची? आणि हवा किती ठेवलीत? मी नदीच्या वाळूत एकदा घालून बघितली होती सायकल, दहा फूट पण नाही गेली, पुढचं चाक रुतलं आणि मी हँडलवरून पुढे.

वाळूवाट

घाटवेडा, जाड टायरचीच, ४.८ इंची. पूर्वी लोकांनी साध्या एमटीबीवरही ही शर्यत केलीय, त्यांना माझा साष्टांग दंडवत. हवा पुढच्यात ४ पीएसआय, मागच्यात ५. ऐकायला विचित्र वाटतं, पण हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतं आणि वाळू कापत आत न जाता वरून तरंगतं. साध्या पंपाच्या काट्यावर एवढा कमी दाब नीट दिसत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावाच लागतो, कारण ४ आणि ६ मधला फरक वाळूत जमीन-अस्मानाचा आहे. मात्र सऱ्यांमधे जमीन कडक असते, गाड्यांमुळे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात, तिथे इतक्या कमी हवेत रिम आपटते. मी दर वेळी हवा कमी-जास्त करत नव्हतो, एकदा ठरवली की दिवसभर तीच.

चालवण्याबद्दल: चढाच्या अलीकडेच गिअर हलका करायचा, चढात बदलायला गेलं की पायडलवरचा जोर तुटतो आणि जोर तुटला की संपलं, परत वाळूत सुरुवात होत नाही. वजन मागे, पुढचं चाक हलकं, हँडल घट्ट धरायचं नाही. चाक थोडं इकडे तिकडे भरकटतं, भरकटू द्यायचं. आणि नजर चाकावर नाही, माथ्यावर.

एक बरंय की शर्यत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. टेकड्यांची पश्चिमेची बाजू त्या मानाने सौम्य आणि पूर्वेची तीव्र, त्यामुळे उलट दिशेने जाणं जास्त जड. वाळू सकाळी थंडीने जरा आवळलेली असते, नऊनंतर सैल होत जाते, दुपारी पिठासारखी. म्हणून सकाळच्या पहिल्या तीन तासांत जेवढं अंतर काढाल तेवढं खरं.

होकायंत्र

छान लिहिलंय. मी मोरोक्कोतली टायटन डेझर्ट केलीय, २००६ पासून सुरू असलेली, सहा टप्पे आणि ६०० किमीच्या वर. तिथलं गणित पूर्ण वेगळं, म्हणून लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल वाळवंट म्हटलं की जाड टायर पाहिजेतच. तिकडे बराचसा मार्ग कडक, दगडगोट्यांचा आणि वाऱ्याचा, जाड टायर म्हणजे नुसतं ओझं. २९ इंची साधी एमटीबी बरी. मेर्झुगाजवळचे एर्ग शेब्बीचे उंच ढिगारे लागले की आपण उतरायचं, सायकल खांद्यावर आणि चालायचं, सगळेच चालतात. आणि तिथे दिशा शोधणं हा शर्यतीचा मोठा भाग आहे. मी एकदा एका घोळक्याच्या मागे डोळे मिटून गेलो, सगळा घोळका चुकला, परत फिरून सात किमी.

पण तुमचं मधल्या वेळेचं गणित वाचून चमकलो. आमच्याकडे दिवसाला एकच टप्पा, एकदा पोचलं की पोचलं. उतरल्यावर दोन तासांनी परत खोगिरावर बसायचं ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

नाडीपरीक्षा

वाळूवाट, डॉक्टर म्हणून लिहितोय, पण रक्त तपासल्याशिवाय इथून निदान करणं बरोबर नाही हे आधीच सांगतो. हातापायाची सूज नुसत्या उन्हानेही येते. फक्त तुम्ही लिहिलेली लक्षणं, बोटांची सूज, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि त्यावर आणखी पाणी पिणं, हे सगळं मिळून रक्तातलं सोडियम उतरल्याकडे बोट दाखवतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रिमिया म्हणतात.

तुमच्या ‘मीठ कमी पडलं’ला मात्र माझा आक्षेप आहे. मुख्य कारण बहुतेक वेळा मीठ कमी पडणं हे नसतं, पाणी जास्त होणं हे असतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि सगळ्यात ठळक खूण काय होती तर धावताना वजन वाढणं. घाम गाळून वजन वाढतं म्हणजे माणूस घामापेक्षा जास्त पाणी पितोय. स्पोर्ट्स ड्रिंकनेही सुटका नाही, कारण त्यात लिटरमागे साधारण २० मिलिमोल सोडियम असतं, रक्तापेक्षा कितीतरी पातळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये ७५ असतं, तेही रक्तापेक्षा कमीच. म्हणून मिठाच्या गोळ्या खाल्ल्या आणि मग हवं तितकं पाणी ढोसलं तर चालतं असं कृपा करून कोणी समजू नका.

तुम्ही त्या दिवशी किती पाणी प्यायलात याची काही नोंद आहे का?

वाळूवाट

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. हे असं कोणी समजावलं नव्हतं. नोंद माझ्याकडे नाही, पण माझ्या बहिणीकडे आहे, माझ्या सोबतीची, पाणी-जेवण नेणारी गाडी (स्वीप नव्हे) तिनेच चालवली पाचही दिवस. तिला इथलं सदस्यत्व घ्यायला लावतो.

चाकोरी

तोवर माझा एक प्रश्न. पंक्चरचं काय? काटे असतात का तिथे?

वाळूवाट

चाकोरी, काटे म्हणजे काय, चक्क सराटे! आपल्याकडे शेतात पायात मोडतात त्याच जातकुळीतले. पहिल्या दिवशी टायरमधून एक उपसला आणि हातावर घेऊन बघत बसलो, लहानपणी अनवाणी पळताना रुतायचे तेच हे, कसाही पडला तरी एक काटा वर. ट्यूबलेस आणि आत भरपूर सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, एवढाच उपाय. उन्हात सीलंट लवकर सुकतं म्हणून दुसऱ्या रात्री परत भरलं. आणि स्पिनिफेक्स म्हणून गवत आहे, गोल गोल गादीसारखं दिसतं, बसावंसं वाटतं, पण त्याची टोकं सुईसारखी असतात आणि कातडीत मोडून राहतात. पिंडऱ्यांना अजून दोन ठिकाणी गाठी आहेत.

सावलीतली

नमस्कार. मी वाळूवाटची धाकटी बहीण. दादाने सांगितलं म्हणून आले, आणि मला हा धागा वाचून थोडा राग पण आलाय, कारण दादाने त्या दिवसाबद्दल अर्धंच लिहिलंय.

मी वहीत सगळं लिहीत होते. तिसरा दिवस: सकाळी निघाल्यापासून दुपारी पोचेपर्यंत ७ लिटर पाणी. पोचला तेव्हा जेवण नको म्हणाला, एक उकडलेला बटाटा अर्धा खाऊन ठेवला. मधल्या वेळात अजून दीड लिटर. लघवी पाण्यासारखी पांढरी होतेय म्हणजे छान पाणी जातंय असं तो म्हणाला आणि मीसुद्धा हो म्हटलं. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला तेव्हा पोटात खड्डा पडला. मी त्याच्या हातात बाटल्या देत होते, एकामागून एक.

दुसरं म्हणजे, त्या दिवशी पोचल्यावर तो माझ्याशी बोलत होता आणि दोनदा तेच वाक्य बोलला, मागच्या ब्रेकची पट्टी बदल म्हणून. मी बदलली होती, त्याच्यासमोरच. तेव्हाच मी त्याला थांबवायला हवं होतं. जे कोणी अशा शर्यतीत गाडीवर जाणार असतील त्यांना माझं सांगणं आहे, चालवणाऱ्याला स्वतःचं कळत नाही, तुम्हाला कळतं, तुम्ही बोला. त्याने चिडू दे.

बाकी गाडीवाल्यांचं कामही मोठं आहे हो. फोर बाय फोर आपलीच लागते, पुढे उंच काठीला झेंडा लावावा लागतो कारण वरंब्याच्या पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, रेडिओ १० नंबरच्या चॅनेलवर सतत चालू ठेवायचा. गाडीच्या टायरमधली हवासुद्धा कमी करावी लागते, नाहीतर तीच रुतते. आणि माशा! तोंडावर जाळी बांधल्याशिवाय स्वयंपाक अशक्य. रात्री मात्र तारे असे की बघून घ्यावे, दादा तोवर घोरत असायचा.

नाडीपरीक्षा

सावलीतली ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. ‘तहान लागायच्या आधी प्या, भरपूर प्या’ हे वर्षानुवर्षं सगळ्यांना शिकवलं गेलंय, तुम्ही तेच केलंत. तुमची वही मात्र सोन्यासारखी आहे. तेच वाक्य पुन्हा बोलणं ही धोक्याची घंटा होती, आणि ती तुम्हाला ऐकू आली होती. अशा वेळी साधं पाणी बंद आणि लगेच डॉक्टर. उलट्या, वाढता गोंधळ किंवा झटका आला तर ती सरळ आणीबाणी आहे.

उलट्या टोकाचं पण सांगतो म्हणजे कोणी पाणीच पिणं बंद नको करायला. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, अंगावर सुकून नुसते मिठाचे पांढरे डाग राहतात, आणि तासाला लिटर-दीड लिटर सहज जातं. उपाय एकच, घरी मोजा. तासभर सायकल चालवायच्या आधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन करा, एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. शर्यतीतही सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर उभं राहा. थोडं कमी झालं तर चालेल. वाढायला नको.

घाटवेडा

+१ डॉक्टर. हा धागा कुठल्या कुठे गेला, किती शिकायला मिळतंय.

वाळूवाट, शेवटचे दोन दिवस कसे गेले ते लिहा की. आणि बर्ड्सव्हिलच्या अलीकडे तो मोठा ढिगारा आहे ना, बिग रेड?

वाळूवाट

ताई, तू लिहिलंस ते बरं झालं. ब्रेकच्या पट्टीचं मला अजिबात आठवत नाही, आज पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवसापासून तिने बाटल्या देणं बंद केलं. म्हणजे तहान लागली की मागायची, मागितल्याशिवाय नाही. आणि पोचल्या पोचल्या सायकल तिच्या हातात, मी ताडपत्रीच्या सावलीत, पाय पेटीवर, मानेवर ओलं फडकं, आधी खारट भात, मग बाकी बोलणं. साखळीला तेल नाही, नुसता कोरडा ब्रश आणि मेण, कारण तेलाला वाळू चिकटून साखळी कानशीसारखी झिजवते. हे सगळं तिनेच केलं, मी फक्त पडून राहिलो. त्या दिवशी सकाळचा टप्पा मी बाराला दहा कमी असताना संपवला, पाय आदल्या दिवशीपेक्षा थकलेले असूनही, कारण डोकं जागेवर होतं आणि कुठे ढकलायचं, कुठे चालवायचं हे वेळेत ठरवत होतो. पूर्वी मी प्रत्येक वरंबा चालवतच चढायचा हट्ट धरायचो. निम्म्यात अडकून मग ढकलण्यापेक्षा पायथ्याशीच उतरून शांतपणे ढकलत गेलं तर वेळ जवळजवळ तेवढाच लागतो आणि छाती फुटत नाही.

वाटेत पोपेल्स कॉर्नर लागतं त्या भागात, जिथे क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिघांच्या हद्दी मिळतात. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल नावाच्या सर्वेक्षकाने तिथे खुंटा रोवला होता, नंतर लक्षात आलं की मोजायची साखळीच इंचभर ताणली गेली होती, आणि खुंटा हलवावा लागला. इंचभर ताणलेल्या साखळीने एवढं वाळवंट मोजत आलेला तो माणूस मला चौथ्या दिवशी फार जवळचा वाटला.

आणि बिग रेड! बर्ड्सव्हिलच्या पश्चिमेला ३५ किमीवर, साधारण ४० मीटर उंच. सगळ्या वरंब्यांनंतर शेवटी हा भिंतीसारखा उभा. मी खालूनच उतरलो, ढकलत गेलो, पावलं घोट्यापर्यंत आत, दहा पावलं की थांब, दहा पावलं की थांब. वर पोचलो तर ताई आधीच तिथे उभी, हातात वही. पाणी हवं का विचारलं नाही तिने. मी म्हटलं, दे. तेव्हा दिलं.

होकायंत्र

वाचून घशात आवंढा आला. ताई आणि दादा दोघांनाही सलाम.

चाकोरी

वाळूवाट, मला जायचंय. दोन वर्षं मनात घोळतंय, कोणाला बोललो नव्हतो. वय ४६, आठवड्याला दीडशे किमी चालवतो, पण सगळं डांबरावर. उन्हाची सवय कशी करायची? आजपासून खोलीत पंखा बंद करून ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड) दोन तास बसलो तर?

नाडीपरीक्षा

दोन तास नको. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, रोज तास-दीड तास, पण तिथपर्यंत चढत चढत जायचं. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मात्र सोडून दिलं की दोन-चार आठवड्यांत हे सगळं ओसरतं, त्यामुळे आत्ता करून काही उपयोग नाही, शर्यतीच्या तोंडावर करा. आणि त्याआधी हृदयाची तपासणी.

वाळूवाट

चाकोरी, डॉक्टर म्हणतात तसंच कर. आत्तापासून वाळू शोध. कुठलीही, नदीकाठची, समुद्राची. आठवड्यातून एकदा तिथे तासभर, आणि सकाळी चालवून झाल्यावर सव्वा तासाने परत चालवायला उतर, मग जरी दहाच किमी केलेस तरी. मी हेच केलं नव्हतं.

आणि गाडी कोण चालवणार ते आधी ठरव, सायकल नंतर घे.

सावलीतली

चाकोरीदादा, तुमच्यासोबत जे कोणी येणार असतील त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. वहीत कोणते रकाने आखायचे ते मी सांगते. वजनाचा रकाना माझ्या वहीत नव्हता.